चांदीची लेक

ऑग्सबर्गमधल्या आपल्या दुकानात फाइट घड्याळजीने टेबलावरचं कापड बाजूला सारलं आणि सरदारीणबाईंनी श्वास रोखला. सोन्याचा मुलामा दिलेल्या, मनोऱ्याच्या आकाराच्या घड्याळाच्या माथ्यावर, घंटेशेजारी, गेल्या हिवाळ्यात वारलेली त्यांची मुलगी उभी होती. बोटभर उंचीची, चांदीची. फाइटने तिला कधीच पाहिलं नव्हतं. बाईंनी जसं सांगितलं तसं त्याने घडवलं होतं.

ठोके पडू लागले. ठरल्याप्रमाणे मुलीचा हात वर गेला. मग तिची मान सावकाश वळली आणि तिने आईकडे पाहिलं.

"अश्शीच बघायची माझी ओटिलिया," बाई रडता रडता हसल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"वळणारी मान कधी बसवलीत?" फाइटची बायको त्याच्या कानाशी पुटपुटली.

त्याने मुलीच्या गळ्यावरून बोट फिरवलं. सांधा नव्हता, खीळ नव्हती. डोकं आणि धड त्याने एकसंध ओतलं होतं, आणि अजूनही ते एकसंधच होतं.

"बाईसाहेब, हे राहू द्या. मी दुसरं करून देतो."

"पोटच्या पोरीला पुन्हा सोडून जाऊ?" त्यांनी घड्याळ उचलून छातीशी धरलं.

फाइटचा इलाज चालेना. तो त्यांच्या मागोमाग घोडागाडीपर्यंत गेला आणि त्याने चावी पुढे केली. "रोज सकाळी चावी द्यावी लागेल. नाहीतर ते बंद पडेल."

बाईंनी हात पुढे केला नाही.

"आता कशाला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "ती जागी झालीय."