पाठीवरची नावं

धाकटी नात जन्मली त्या वर्षी बायकोची दृष्टी गेली आणि म्हाताऱ्या गवंड्याने हट्टाने अक्षरं गिरवली. तिची कपाटभर पुस्तकं आता तोच तिला वाचून दाखवी. फुटबॉलची स्पर्धा आली तेव्हा दुपारी पुस्तक आणि संध्याकाळी सगळ्या घरासोबत सामना, असं ठरलं. चेंडू ज्याच्याकडे जाई, त्याच्या पाठीवरचं नाव तो तिला वाचून सांगे.

“बाबा, तुम्ही एक नाव वाचेपर्यंत गोल होतो!” मुलगा हसला.

“होऊ दे. मला कुठे पळायचंय?” ती म्हणाली. “फायनलला बघ यांना.”

म्हाताऱ्याने ते मनावर घेतलं. उठता-बसता नावं घोकू लागला.

रविवारी फायनलला तो एकदाही अडखळला नाही. सगळं घर गप्प बसून ऐकत होतं.

बायको शुक्रवारी वारली होती.