ड्रायर आणि गरुड

सुनेने ड्रायरमधून टॉवेल तिसऱ्यांदा बाहेर काढले, तेव्हाही ते ओलेच होते. ओले आणि कढत. इतके कढत की त्यांच्यावर अंडं तळलं गेलं असतं, आणि इतके ओले की तळलेलं अंडं पोहून पलीकडे गेलं असतं.

"बस झालं," ती म्हणाली. "आज या दुरुस्तीवाल्या ताईंना रोग सापडला तर ठीक, नाहीतर उद्या हे भंगारात. मी आपली दोरी बांधते."

"भंगारात?" सासरे स्टुलावरून अर्धे उठले. "अगं, चांगलं धडधाकट मशीन आहे! अठ्ठावीस वर्षं बॉयलर सांभाळलाय मी. यंत्र असं टाकून देत नसतात."

"तुम्हाला एवढा पुळका का, बाबा? तुमचे कपडे इनमिन दोन."

 सासरे गुडघे चोळत होते. सून बघतेय म्हटल्यावर हात खिशात गेले. आपल्याला थंडी वाजत नाही, असं त्यांनी फार पूर्वीच जाहीर करून टाकलं होतं. ऐन बर्फात ते नुसत्या बनियनवर कामाला जात आणि त्यांना येताना पाहून रस्त्यावरचा बर्फ आपणहून बाजूला सरके, ही हकिगत घरातल्या प्रत्येकाला पाठ होती. त्यामुळे कुणी स्वेटर आणला, की तो ते खुर्चीला घालत.

दुरुस्तीवाल्या ताई मशीनच्या मागे आडव्या झाल्या होत्या. त्यांनी जाळी काढून पाहिली. कपड्यांची लव साचलेली नव्हती. हीटर तपासला, शाबूत.

"आजोबा, जरा टॉर्च धरा."

"काका म्हण."

"काका, टॉर्च सरळ धरा."

ताईंनी मशीनच्या पाठीचा पाईप सोडवला आणि बटण दाबलं. मशीन मोकळ्या हवेत गरम वारा सोडू लागलं. ना कमी, ना जास्त. "बघा, कसं शहाण्यासारखं चालतंय," म्हणत त्यांनी पाईप पुन्हा जोडला आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

घरघर कानावर पडली तसे सासरे उठले. "जरा पाय मोकळे करून येतो."

"आत्ता?" सून म्हणाली. "मघापासून तर पहारा देताय."

पण ते गेलेसुद्धा.

दहा मिनिटांत मशीनचा पत्रा हात लावू देईना. मग आत खट्‌ झालं आणि हीटर बंद पडला. ड्रम नुसताच फिरत राहिला, टॉवेलांना फेरफटका मारून आणल्यासारखा.

"मशीनच्या आत काही बिघाड नाही," ताई म्हणाल्या. "वाफ बाहेर पडत नाहीये. ती कोंडली की हे तापतं, आणि फार तापलं की घाबरून आपणच हीटर बंद करतं. हा पाईप निघतो कुठे?"

"मागच्या भिंतीत. बाहेर."

ताई एकट्याच मागच्या बाजूला गेल्या.

भिंतीतून गुडघ्याच्या उंचीवर पाईपचं तोंड निघालं होतं. त्या तोंडावर एका जुन्या लोकरी पॅंटची कंबर चढवून पट्ट्याने आवळलेली होती. असा जोड आवळायला अठ्ठावीस वर्षांचा अनुभवच लागतो. वाफेचा एक धागा निसटत नव्हता. पॅंट टम्म फुगलेली होती. समोर खुर्ची टाकून सासरे बसले होते, आणि त्यांनी आपले दोन्ही पाय त्या पॅंटमध्ये खालच्या टोकाकडून गुडघ्यांपर्यंत खुपसले होते. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असं सुख, की एखादं मांजर तिथून गेलं असतं तर धडे घ्यायला थांबलं असतं.

"काका."

एक डोळा उघडला. मग दुसरा.

"तिला सांगू नकोस, पोरी," ते हळूच म्हणाले. "सकाळी पाचपासून पळत असते ती. त्यात माझे गुडघे कुठे घालू तिच्या गळ्यात?"

"एक दिवस हे पेट घेईल, काका. मशीनही आणि तुम्हीही. सोडा आधी."

त्यांनी पट्टा सोडला. पॅंटमधली हवा गेली आणि थोडी त्यांच्यातलीही.

आत येऊन ताईंनी सुनेला सांगितलं, "मशीन ठणठणीत आहे. पाईपच्या तोंडाशी घरटं झालं होतं. काढलं. पण पुन्हा होऊ देऊ नका, आग लागेल."

"घरटं?"

सासरे दारात उभे होते, हात पाठीमागे. त्यांच्या मागून पॅंटचा एक पाय लोंबत होता आणि पट्ट्याचं टोक फरशीवर लोळत होतं. सुनेने ते पाहिलं. मग ओलसर, लालबुंद पावलं पाहिली.

"केवढ्या पक्ष्याचं हो?"

ताई पान्हे मोजण्यात एकदम गर्क झाल्या.

"गरुड असणार," सासरे म्हणाले. "इकडे फार वाढलेत."

ताई गेल्या. सुनेने सासऱ्यांच्या पाठीमागून ती पॅंट ओढून घेतली, टॉवेलांत टाकली आणि बटण दाबलं. दोघंही मशीनसमोर उभी राहिली. पॅंट काचेआड वर चढायची, खाली यायची.

या वेळी टॉवेल कोरडे निघाले. सुनेने त्यांतून पॅंट उपसली, हाताला चटका बसला तशी या हातातून त्या हातात केली, आणि घडी घालून सासऱ्यांपुढे धरली.

"घ्या, द्या तुमच्या गरुडाला. रोज सकाळी मिळेल म्हणावं. आणि सांगा त्याला, पाय वरच्या बाजूने घालायचे असतात."