उसने हात

आयटीआय झालेल्या इरफानच्या हातांत सकाळीच यंत्राने एका दिवंगत वायरमनचं तीस वर्षांचं कसब उतरवलं होतं. ते कोणाचं, हे नियमाप्रमाणे गुप्त होतं. दुपारी परवान्याची परीक्षा झाली. पॅनेलवर ‘सप्लाय बंद’ असं दिसत होतं आणि त्यावर विसंबून आधीचे चौघे नापास झाले होते.

पॅनेल उघडण्याआधी इरफानच्या हाताने पँटच्या कमरेत काहीतरी खोचल्यासारखं केलं, मग टेस्टर लावला. टेस्टर पेटला. सप्लाय चालूच होता.

परीक्षक भोकरे खुर्चीतून उठले.

“चुकलं का काही, साहेब?”

“नाही. पास झालास.”

“मग कमरेला मी काय खोचलं?”

“पदर,” भोकरे हळूच म्हणाले. “माझी आई तो खोचल्याशिवाय वायरीला हात लावायची नाही.”