दोन्हीकडे सारखं

त्याने आपल्या लॅपटॉपवर बटण दाबलं आणि लाल झालेलं फोल्डर हिरवं झालं. नातीचे नवे फोटो आईच्या जुनाट, भरत आलेल्या कॉम्प्युटरवर भराभर उतरले. "झालं बघ," तो म्हणाला. शेजारी बसलेल्या आईने मान डोलावली. तिच्या गळ्याला पट्टी होती. गाठीबरोबर डॉक्टरांना स्वरयंत्रही काढावं लागलं होतं. आता ती पाटीवर लिहून बोलायची.

हे फोल्डर त्यानेच जोडून दिलं होतं. तिकडे त्याने लॅपटॉपवर फोटो टाकले की इकडे आपोआप यायचे. सॉफ्टवेअर फुकटचं, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! आईच्या हातून चुकून फोटो पुसले जाऊ नयेत म्हणून त्याने आपल्या बाजूला 'फक्त पाठवा' निवडलं होतं; तिच्याकडचं काही त्याच्याकडे यायचं नाही. ते तिला सांगायचं राहिलं. तिला एवढंच म्हणाला होता, "यात टाकलेलं दोन्हीकडे दिसतं."

तरी मेलं फोल्डर सारखं लाल व्हायचं. दोन बाजू जुळत नाहीत म्हणायचं. मग तो हेच बटण दाबायचा, समोरचं सगळं आपल्यासारखं करून टाकणारं. 'माझंच खरं' असं त्याने त्या बटणाचं नाव ठेवलं होतं. "तुझ्यासाठीच बनवलंय ते," बायको म्हणायची.

आज अनायासे इथे होताच, तर एकदा रोगाचं मूळ शोधू म्हणून त्याने तिच्या कॉम्प्युटरवरची नोंद उघडली. आईच्या बाजूने फोल्डरमध्ये काहीतरी येत होतं, आणि त्याने बटण दाबलं की पुसलं जात होतं. अंगाई. नातीला गोष्ट. तुला रागावते ते. सगळ्यात वर, आत्ताच पुसलेली फाइल: ऑपरेशनला निघताना.

त्याने ती नावं पुन्हा एकदा वाचली.

"आई, यात तू आवाज भरून ठेवत होतीस?"

तिचा चेहरा उजळला. ऑपरेशनआधी फोनवर तिने हा विषय कधी काढला नव्हता. काढला असता तर तिला रडू आवरलं नसतं.

त्याने कचऱ्याची टोपली उघडली. रिकामी. जुन्या प्रती ठेवू नका, हेही त्यानेच निवडलं होतं, जागा अडते म्हणून. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या चर्चेच्या पानावर त्याने मदत मागितली. कुणा भल्या माणसाचं लगेच उत्तर आलं: 'पुसलेल्या जागेवर नवं काही उतरलं असेल, तर आशा सोडा.' समोर पडद्यावर लेक हसत होती. फोटोमागून फोटो.

आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग पाटी ओढली आणि सावकाश लिहिलं:

'पाठ झालं की पुसायचास ना? मला कळायचं. आता अंगाई म्हणून दाखव.'