हिरवा ठिपका

कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला तिथल्याच एका कामगाराच्या इंजिनीअर मुलीने थरथर टिपणारे सेन्सर बसवले होते. यंत्र थांबलं की क्लाउडवरून तिच्या आणि साहेबांच्या मोबाइलवर लाल ठिपका यायचा. वडिलांच्या लेथचा ठिपका मात्र कायम हिरवा. कौतुक करायला साहेब सगळ्यांना घेऊन गेले, तर लेथ बंद! वडील खोक्यावर बसून गुडघे चोळत होते आणि सेन्सर शेजारच्या फिरत्या पंख्याला सुतळीने बांधलेला होता. कुणीतरी फिसकन हसलं. "माझीच चूक, साहेब. मीच भलतीकडे बसवला," मुलगी घाईघाईने म्हणाली. तिचं खोटं ऐकून वडिलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते खोक्यावरून उठले. "नाही साहेब, मी बांधला. गुडघे धरतात, मधूनमधून बसावं लागतं. पोरीच्या मोबाइलवर बापाचंच यंत्र लाल दिसण्याची लाज वाटली." मुलीला मान वर करवेना. तिने खोकं पुढे ओढलं. "बसा बाबा." सगळ्यांसमोर ते काही बसेनात.