दुसरी रेघ

आमच्या घरच्या भिंती प्रिंट्सनी भरल्यात. बायको म्हणते, "पुढची आता तुमच्या पाठीवर टांगते!"

तरी मी चित्रकाराच्या स्टुडिओत आणखी एक घ्यायला आलो होतो. खिडकीपाशी टेबलाला टेकून बसलेली पाठमोरी बाई, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. माझी बायकोही तशीच खोचते, म्हणून तर चित्र मनात भरलं.

मोजक्याच प्रती होत्या आणि शेवटची माझी. त्याने खाली नंबर घातला, सही केली.

"आता प्लेट बाद करतो," तो म्हणाला. चित्र छापलेल्या तांब्याच्या पत्र्यावर दोन तिरक्या रेघा ओढल्या की पुन्हा प्रत निघत नाही.

"आत्ताच करा, माझ्यादेखत," मी हट्टच धरला. चोरून आणखी एखादी काढली तर?

त्याने पत्र्यावर टोच्या टेकवला आणि चित्रातल्या खिडकीपासून टेबलापर्यंत कर्रर्र रेघ ओढली. माझे दात शिवशिवले.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, घरात कसला तरी कर्रर्र आवाज झाला. खिडकीची काच तडकलीय, टेबलावर हा एवढा ओरखडा उठलाय!"

"तू कुठे आहेस?"

"इथेच, टेबलाशी बसलेय."

चित्रकाराने टोच्या दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवला. ही रेघ बाईच्या मानेवरून जाणार होती.

मी झडप घालून त्याचं मनगट धरलं. टोच्या खाली पडला. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"ऊठ तिथून!" मी फोनवर ओरडलो.

पलीकडून नुसता कर्रर्र आवाज येत होता, सावकाश, पुढे पुढे सरकणारा.