तिसरी ओळ

कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा. मेव्हणा म्हणाला लिनक्स टाक, मुलगी म्हणाली विंडोजच हवं. डोक्याला ताप नको म्हणून दोन्ही टाकली.

सुरू करताना "कोणतं हवं?" विचारणारी यादी यायची. त्यात ओळी मात्र तीन. तिसरी कोरी. चारदा सगळं पुसून पुन्हा टाकलं, पण ती कोरी ओळ काही हटेना.

आज माझं डोकंच फिरलं. म्हटलं, होऊन जाऊ दे, आणि तिच्यावरच एंटर दाबलं. स्क्रीन काळी झाली.

चरफडत पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. बायको दचकली. "दुरुस्तीवाले ना तुम्ही? हे आतच बसलेत."

"अगं, मी..."

तेवढ्यात आतून माझाच आवाज आला. "अगं ए, झाला बघ एकदाचा सुरू!"